लग्नपत्रिकांच्या चौकटी

झाकण उघडलं की आधी भाजलेल्या तांदळाचा वास येतो. मग खळीचा, मग जुन्या पुठ्ठ्याचा, आणि नाक अगदी आत घातलं तरच फिल्मचा तो किंचित आंबूस वास. मोताळ्याला तायडे सरांच्या घरी, त्यांच्या बाहेरच्या खोलीत, मी तीन दिवसांपासून या वासात बसलो आहे. समोर अकरा लाकडी पेट्या आहेत, ग्रंथालयात कार्डांचे खण असतात तशा लांबट. त्यात उभ्या लावलेल्या स्लाईड. सर जाऊन दोन वर्षं झाली. या स्लाईड आता घाट चढून बुलढाण्याला जायच्या आहेत. तिथला एक स्टुडिओवाला त्या संगणकात उतरवून देणार आहे आणि मग त्या शाळेकडं राहतील. त्याआधी त्या झटकायच्या, क्रमानं लावायच्या, बुरशी धरलेल्या वेगळ्या काढायच्या, आणि यादीत प्रत्येकीपुढं लिहायचं: कुठली, कोणाची, कोणी काढली.

शेवटचा रकाना सोपा आहे. सगळ्या सरांनीच काढल्या. फक्त एक स्लाईड पेटीत नाही, ती माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. तीस वर्षांहून जास्त काळ ती माझ्याजवळ आहे, कारण मी ती चोरली होती.

हे एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. लिहून झाल्यावर ते फारच छोटं दिसतं आहे.

मी चोविसाव्या वर्षी इथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा सर पंचेचाळिशीचे होते, विज्ञान शिकवायचे. बाकीच्यांना शेती, नाही तर राजकारण, सरांना कॅमेरा. तो कुठून आला, त्यांनी हे सगळं कशासाठी सुरू केलं, ते मी कधी विचारलं नाही. मला आठवतो तो त्यांचा हात. काडेपेटीएवढ्या त्या रंगीत तुकड्याला कडेनं धरणारा, जाडजूड बोटांचा, खडूनं पांढरा झालेला हात. पहिल्याच दिवशी मी एक स्लाईड चिमटीत पकडली आणि फिल्मवर अंगठा उमटवला.

“अबे, पोळीचा तुकडा हाय काय तो?” सर म्हणाले. “कडानं धर. आतमंधी माणूस हाय.”

आत माणूस आहे, हे त्यांचं सगळ्या स्लाईडबद्दलचं शास्त्र होतं.

फिल्म मुंबईहून धुऊन यायची ती अखंड गुंडाळी. तिचे तुकडे करून प्रत्येक तुकडा चौकटीत बसवावा लागतो, त्याशिवाय प्रोजेक्टरमध्ये घालता येत नाही. तयार चौकटी मोताळ्यात कुठून मिळणार? सर त्या लग्नपत्रिकांच्या करायचे. आपल्याकडच्या पत्रिका तेव्हा चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या असत, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या. लग्न उरकलं की त्या सरांकडं यायच्या. शिपाई आणायचा, बाजारातले ओळखीचे आणायचे, एखादी म्हातारी पिशवीतून पाच-सहा काढून म्हणायची, “मास्तर, लेकीच्या उरल्या व्हत्या.” सर त्यांचे चौकोन कापत, मधे खिडकी कोरत, दोन चौकोनांच्या पोटात फिल्म ठेवून खळीनं चिकटवत. खळीत मोरचूद घातलेलं असे, कसर लागू नये म्हणून. त्यामुळं चौकटींच्या कडा आजही फिकट निळसर दिसतात.

फक्त गणपती कापायचा नाही, ही काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, अट. पत्रिकेवरचा गणपती तेवढा अलगद कापून बाजूला ठेवायचा. ते सगळे गणपती काकू एका डब्यात साठवायच्या आणि वर्षातून एकदा नळगंगेत सोडून यायच्या. मला ते दृश्य फार आवडायचं. कात्री, खळीची वाटी, निळी बोटं, आणि डब्यात एकावर एक शांत बसलेले लाल-सोनेरी गणपती.

बाकी पत्रिका मात्र चौकटींवर तुकड्यातुकड्यानं शिल्लक आहे. एका स्लाईडच्या पाठीवर “आमच्या येथे श्रीकृ”, दुसरीवर “गोरज मुहू”, तिसरीवर कोणाच्या तरी मामांचं अर्धं आडनाव. स्टाफरूममध्ये कोणी चेष्टा केली होती, “सर, तुमच्या पेटीत अर्ध्या तालुक्याची लग्नं कोंडली हायेत.” सर म्हणाले, “तिथं तरी टिकून हायेत न बे.”

पेटी भरली की शेवटचा विधी. सगळ्या स्लाईड दोन्ही हातांनी घट्ट दाबायच्या आणि त्यांच्या वरच्या कडांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पेन्सिलीनं एक तिरपी रेघ मारायची. प्रत्येक चौकटीच्या वाट्याला त्या रेघेचा एक ठिपका येतो. कोणी क्रम बदलला तर ठिपका भलतीकडं दिसतो. कोणी एखादी काढून घेतली तर रेघेत खाच पडते. दुरूनच कळतं.

ट्यूबलाईटवर काच ठेवून मी उजेडाचा पाट केला आहे. त्यावर एकेक स्लाईड ठेवतो, फुग्यानं धूळ उडवतो, मऊ ब्रश फिरवतो. दुसऱ्या पेटीत उन्हाळा आहे. नदीच्या पात्रातली डांगरवाडी, वाळूत अर्धी रुतलेली टरबुजं, आणि एक माणूस टरबुजावर टिचकी मारून कान लावतो आहे. काढणाऱ्यानं श्वास धरला असेल, नाही तर त्या माणसानं मान वर केली असती. चौथीत पोळा. बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावताना एका बाईनं जीभ दातांत धरली आहे. सहावीत ज्वारीची सोंगणी, आणि पाणी पिणाऱ्या एका पोरीच्या हनुवटीवरून निघालेला एक थेंब, अजून न पडलेला. मी पुण्यात सत्तावीस वर्षं फोटोंच्या कामात काढली, भलेभले पाहिले. त्या थेंबापुढं मी काल पुष्कळ वेळ बसून होतो. शिकलेला माणूस उजेड मोजतो. सर उजेडाची वाट पाहायचे. नापिकीचा फोटो नाही, देखावा नाही, कोणाची कीव नाही. जो कोणी त्या खिडकीत आहे तो आपल्या कामात आहे आणि त्याचं नाव चौकटीवर शाईनं लिहिलेलं आहे. नाव, गाव, आणि खाली दोन शब्द: “त्याला दाखवणे.” किंवा “तिला दाखवणे.” पुढं लाल पेन्सिलीची बरोबरची खूण.

कारण सरांचा नेमच तो होता. ज्याचा फोटो, त्याला आधी. धुऊन आलेली गुंडाळी चौकटीत बसली की पुढच्या रविवारी आम्ही त्या गावाला. प्रोजेक्टर एसटीच्या सीटवर, आम्ही उभे. भर दुपारी देवळाच्या सभामंडपात अंधार करायचा. लोक घोंगड्या आणत, सतरंज्या आणत, आणि तरी जी उन्हाची भोकं राहत त्यात बाया कापसाचे बोळे कोंबत. पडदा म्हणजे सरांचं नीळ दिलेलं धोतर. दिवा तापला की त्यावरच्या धुळीचा भाजका वास सुटे. मग खटक् करून पहिली स्लाईड आत सरके, आणि अख्खा मंडप एकदम गप्प.

“अयाय, मी एवढी काळी हाय काय?”

“तू नाही वं काळी,” सर अंधारातून म्हणायचे. “धोतर जास्त पांढरं हाय.”

हशा. मग नाव, गाव, खटक्, पुढची. मी प्रोजेक्टरपाशी उभा राहून स्लाईड एकेक त्यांच्या हातात द्यायचो. इतकं साधं सुख मला पुन्हा कुठं मिळालं नाही.

सातव्या पेटीतली सदतिसावी स्लाईड अशी आहे. हिवाळ्यातली सकाळ. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची लांब रांग. पुढच्या गाडीवर ढिगाच्या अगदी वर एक बाई झोपली आहे, गाल कापसात बुडालेला, एक हात खाली लोंबतो आहे, मनगटात हिरव्या बांगड्या. दव पडून कापसाच्या कडा चमकतात. खाली जुपलेल्या पांढऱ्या बैलानं मान मागं वळवली आहे, जणू ती जागी झाली का ते पाहतो. पर्वताबाई, पिंपळखेड. तिला दाखवणे.

ती चौकटीत बसवली त्या दिवशी मी ती उजेडाला धरली आणि मला ती हवी झाली. दुसरं काही कारण सांगता येत नाही. पुण्याच्या एका दिवाळी अंकानं फोटो मागवले होते. सरांच्या नादानं मीही कॅमेरा घेतला होता. मी माझे पाच पाठवणार होतो, आणि ते पाच कसे आहेत हे मला ठाऊक होतं. पेटीची किल्ली सरांकडं आणि माझ्याकडं. मी ती स्लाईड घरी नेली, सरांची चौकट फाडली, फिल्म बाहेर काढली, बाजारातून मागवलेल्या प्लास्टिकच्या चौकटीत घातली आणि तिच्यावर माझं नाव लिहिलं. पर्वताबाईचं नाव ज्या पुठ्ठ्यावर होतं तो चुलीत गेला. अंकात छापून झाला की परत आणून ठेवू, असं मी स्वतःला सांगितलं होतं. कुठं ठेवणार होतो, कोणत्या चौकटीत, ते नाही सांगितलं.

होळीच्या आधी पिंपळखेडला गेलो. पर्वताबाई पुढं बसली होती, बहुतेक ठेवणीतलं लुगडं नेसून. छत्तीस झाली, अडतीस झाली. शेवटी घोंगड्या उतरल्या आणि सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक झाले तेव्हा ती उठून आली.

“अन माहा, मास्तर?”

सरांनी पेटीकडं पाहिलं. रेघेतली खाच मला तिथून दिसत होती, म्हणजे त्यांनाही दिसली असणार. माझा हात प्रोजेक्टरच्या तापलेल्या झाकणावर होता, तो मी काढला नाही.

“तुहा फोटो बाहेरगावी गेला हाय बाई,” सर म्हणाले. “आला का दाखवतो. माही जबान.”

परतीच्या एसटीत ते पेटी मांडीवर घेऊन बसले. मला विचारलं ते एवढंच, “जेवला का बे नीट? भाकर पातळ होती.”

दिवाळी अंक आला तो मुखपृष्ठावर ती बाई घेऊन. “पांढऱ्या ढगावर”, असं नाव मीच दिलं होतं. आत माझं नाव. अंक स्टाफरूममध्ये हातोहात फिरला, पेढे झाले. सरांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

“उजेड लय मस्त धरला,” म्हणाले. मग अंक मिटत, “बाई कोन हाय, माहीत हाय काय तुले?”

मी म्हणालो, “नाही.”

“विचारत जाय बे. फोटो काढला का नाव विचारत जाय.”

ते दार माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी पेढा खात राहिलो.

त्या एका फोटोवर मला पुण्याला बोलावणं आलं. पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. तिथं माझ्या वऱ्हाडी “मले-तुले”ला लोक हसायचे. वर्षभरात मी ते टाकलं. लग्नाची पत्रिका मी सरांना पोस्टानं पाठवली. ते लग्नाला मलकापूरला आले, पंगतीत वाढलं, बायकोशी हसून बोलले. दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, “घरी ये”. मी वर्षाआड, मग पाच वर्षांनी, मग नाहीच. गेलो की दर वेळी शाळेनं मोठा करून व्हरांड्यात लावलेला तो मुखपृष्ठावरचा फोटो दिसायचा, खाली माझं नाव. सर रोज त्याखालून वर्गावर जात असत.

काकू आता पंच्याहत्तरीच्या. काल चहा घेऊन आल्या आणि दारातच बसल्या.

“झाल्या किती?”

“सहा पेट्या.”

“तांदूळ मीच भाजला बरं यंदा बी. मृग लागाच्या आधी. ते हायेत तरी अन नाहीत तरी.”

पेट्यांत ओल धरू नये म्हणून तांदूळ करपेपर्यंत भाजून फडक्यात बांधून ठेवायचे, ही सरांची युक्ती आणि काकूंचं काम. दरवर्षी नवे. त्या पुरचुंड्यांमुळं एवढ्या वर्षांत बुरशी लागली ती जेमतेम मूठभर स्लाईडना.

काल संध्याकाळी स्टुडिओवाल्याचा फोन आला होता. “काका, ते पुठ्ठे मशीनमंधी अडकतीन. फिल्म सोडवून सुट्ट्या आना, प्लास्टिकमंधी टाकून एका दिवसात करून देतो.” मी नाही म्हणालो. पुठ्ठ्यासकट, आणि मागच्या बाजूचेही फोटो काढायचे, अक्षरासकट, पत्रिकेसकट. कॅमेऱ्यानं एकेक काढा, महिना लागू द्या. तो कंटाळून “बरं” म्हणाला. चौकट फाडायचं काम मी एकदा केलं आहे, हे त्याला कुठं सांगू.

आज सकाळी सातवी पेटी घेतली. झाकण काढायच्या आधी हात धुऊन आलो, परत धुऊन आलो. खाच कुठं असेल ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं.

खाच नव्हती.

लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली. मला वाटलं, पेटी चुकली. मोजत गेलो. पस्तीस, छत्तीस. सदतीस हाताला हलकी लागली. काढून काचेवर ठेवली तर खिडकीतून नुसता पांढरा उजेड आला. आत फिल्म नव्हती. बाकी सगळं होतं. वरच्या कडेला रेघेचा ठिपका, बरोबर जागी. सरांचं अक्षर: पर्वताबाई, पिंपळखेड. तिला दाखवणे. पुढं खूण नाही. तीन बाजू खळीनं चिकटवलेल्या, चौथी, खालची, उघडी ठेवलेली. आत काही सरकवता यावं म्हणून.

उलटी केली. पाठीवर सोनेरी छापील अक्षरं होती, खिडकीनं अर्धी तोडलेली. “चि.” आणि पुढं माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं.

माझ्या लग्नाची पत्रिका.

मी काकूंना हाक मारली, आणि त्या येऊन बसायच्या आत बोलून टाकलं. खिशातली प्लास्टिकची चौकट काढून पुढं ठेवली. काकूंनी तिला हात लावला नाही.

“मले ठाव हाय न भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमची पत्रिका आली त्याच दिवशी ते कात्री घेऊन बसले. म्हने, पुठ्ठा लय चांगला हाय याचा. गणपती मीच कापून घेतला.”

“मला काही बोलले का नाहीत?”

“म्या बी तेच म्हटलं. इचारा त्याले, काऊन नाही इचारत? तं म्हने, इचारलं तं तो घरी याचा बंद होईन.” काकूंनी पदरानं पेटीची कड पुसली. “तुमी तं तसे बी बंदच झाले.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“बाई अजून हाय बरं,” त्या उठता उठता म्हणाल्या. “पिंपळखेडलेच. नेऊन दाखवा. यादी-बिदी मंग लिवा.”

प्लास्टिकची चौकट मी उघडली. चिमट्यानं फिल्म कडेनं धरली आणि खालच्या उघड्या बाजूनं आत सरकवली. कुठंही न अडता गेली. सरांनी एवढ्या वर्षांपूर्वी तिचं माप बरोबर धरलं होतं.

दुपारी काकूंना घेऊन ऑटोनं पिंपळखेडला गेलो. पर्वताबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती, नजर अजून साबूत. काकूंनी ओळख दिली. मी चौकट तिच्या हातात ठेवली आणि आभाळाकडं धरायला सांगितली. तिनं कोणी न शिकवता ती कडेनं धरली.

एक डोळा मिटून तिनं ती डोळ्याजवळ आणली.

“हा तं आमचा ढवळ्या,” मग म्हणाली. “पाह्य वं, कसा पाहून राह्यला. अन वर कोन... मी हाय काय? रांग पुढं सरकली असन अन मी घोरून राह्यली.”

सून हात पुसत बाहेर आली, तिनंही पाहिलं. “हा तं मोताळ्याच्या शाळेत लागेल हाय, व्हरांड्यात. मी तिथं शिकाले होती तवा रोज पाहत होती. ही आत्याबाई हाय? तिथं तं नाव नव्हतं.” मग माझ्याकडं वळून, “तुमीच काढला न सर? तुमचंच नाव हाय खाली.”

“नाव चुकीचं आहे,” मी म्हणालो. “फोटो तायडे सरांचा आहे. मी त्यांच्या पेटीतून न विचारता घेतला होता. ते नाव आता बदलायचं आहे. दोन्ही नावं लागतील, सरांचं आणि यांचं.”

सुनेनं चौकट पुन्हा एकदा उजेडाला धरली. काकू तुरीतला खडा वेचून बाजूला टाकत होत्या. मी चौकट परत घेतली, सरांची लाल पेन्सिल काढली आणि “तिला दाखवणे”पुढं बरोबरची खूण केली.

“काय लिवता?” पर्वताबाईनं विचारलं.

“दाखवला म्हणून.”

“हं.” तिनं सूप पुढं ओढलं. “सर म्हनत होते, बाहेरगावी गेला हाय. आला म्हना मंग.”

“हाव,” मी म्हणालो. “आला.”